टीव्हीच्या डोळ्यावरची पट्टी

१

दिवसभर मी लोकांना एकच सांगत असतो. रिमोटच्या बॅटऱ्या काढा. आता बॅटऱ्या नसताना लाल बटण जरा वेळ दाबून धरा. नव्या घाला. टीव्हीची पिन भिंतीतून काढा, थोडं थांबा, परत लावा. पुण्यात एका टीव्ही कंपनीच्या मदत केंद्रात मी फोनवर बसतो. "नमस्कार, मी हनुमान बोलतोय," म्हटलं की पलीकडचे निम्मे लोक हसतात. एका आजोबांनी तर "मग फोन कशाला करता, उडत या की," असंही ऐकवलं होतं. हसून झालं की बिचारे निमूट बॅटऱ्या काढतात.

दिवाळीनंतर मायचा फोन आला, "हनमा, रिमोट चालंना रे," तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं. पावसाळ्यात दादा गेले. दादा म्हणजे माझे वडील. तेव्हापासून माय फोनवर काही मागतच नव्हती. जेवलीस का, तर जेवले. बरी आहेस का, तर बरी हाय. आता तिने काहीतरी मागितलं होतं आणि तेही नेमकं माझ्या हातातलं काम.

मी नोकरीतला आवाज लावून तिला सगळं करायला सांगितलं. तिने सगळं केलं.

"आता दाब."

"दाबलं. न्हाई चालत."

"मग हा मागं आवाज कशाचा येतोय?"

"टीव्हीचा. कीर्तन लागलंय."

"रिमोट चालत नाही तर टीव्ही लावला कुणी?"

मागे टाळ वाजत होते. "लागतो आपला आपला," ती म्हणाली. "दिवस मावळला की लागतो."

बटण अडकलं असेल, वेळ लावून ठेवली असेल, शेजाऱ्यांचा रिमोट त्याच कंपनीचा असेल; माझ्याकडे अशी कारणं तयारच असतात. ती सगळी मी सांगितली. ती म्हणाली, "शेजारी हाय कोन आता? समदे कारखान्यावर गेलेत."

"पण टीव्ही लागतोय ना? मग रिमोट पाहिजे कशाला तुला?"

"मला बी येकदा दाबायचं हाय," माय म्हणाली.

हे ऐकून मी हसलो. कशाला हसलो कोण जाणे.

२

रजा काढून निघालो. एका रिमोटसाठी कुणी पुण्याहून आष्टीच्या पलीकडे जातं का, असं करिष्मा म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, "येताना आईंना घेऊनच या. एकट्या कशाला ठेवायच्या?" बायकोचं बोलणं मला पटलं. माझ्याही मनात तेच होतं.

फाट्यावर उतरून चालत गावात आलो. दिवाळी झाली की आमचं गाव ट्रॉल्यांत बसून ऊसतोडीला जातं. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. कुलपांवर भरवसा नाही म्हणून लोक दाराला बाभळीची फांदीही आडवी लावतात. आमची अख्खी आळी अशी काट्यांनी बंद होती. माझ्याच चपलांचा आवाज मला भिंतींवरून परत ऐकू येत होता. फक्त आमचं आणि शेजारच्या मुक्ताबाईचं दार उघडं होतं, आणि तिच्याकडे टीव्हीच नव्हता.

माझे आईबाप माझ्या जन्माआधीपासून एक कोयता होते. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दादा ऊस तोडायचे, माय मोळ्या बांधायची. पाठ गेली तेव्हा दादा घरी बसले आणि त्यांच्यासोबत मायही बसली, कारण एकट्या माणसाला तिथे अर्धा कोयता म्हणतात. त्यांचा दिवस जावा म्हणून मी मोठा टीव्ही घेऊन दिला. दादा बाजेवर मांडी घालून बसायचे आणि रिमोटला दुसऱ्या कुणी हात लावायची टाप नव्हती. कीर्तन, मग कुस्त्या, मग मायची मालिका, हे ते ठरवायचे. माय मागे गोठ्यात असली तर हाक मारायचे नाहीत. टीव्ही दोनदा बंद-चालू करायचे. मागच्या खिडकीतून उजेड दिसला की माय हात धुवून यायची. मला वाटायचं, म्हाताऱ्याला घसा ताणायचा कंटाळा आहे.

मायने ती बाज हलवली नव्हती. गोधडी घडी करून पायथ्याशी, उशी जागच्या जागी, भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग. रिमोट तिने उशीखालून काढून दिला.

"वर कपाटात ठेवायचा ना."

"त्येची जागा हाय ती."

झाकण उघडलं आणि मला तिची कीव आली. जुन्या बॅटऱ्या कधीच फुटल्या होत्या. पांढरी खार सगळीकडे पसरून आतल्या तारा हिरव्या पडल्या होत्या. खोडरबराने घासलं, सुईने खरवडलं, नव्या बॅटऱ्या घातल्या. काही नाही. शेवटी आमची नेहमीची परीक्षा घेतली. रिमोटच्या टोकाला एक बारीक दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला दिसतो, जांभळा ठिपका म्हणून. माझ्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, सेल्फीच्या कॅमेऱ्यात दिसतो. रिमोट तोंडापुढे धरून बटणं दाबली. फोनमध्ये माझं तोंड दिसलं. जांभळं काही दिसलं नाही.

"मेला गं हा, माय. उद्या आष्टीहून नवा आणतो."

एवढ्यात टीव्ही लागला. चालू होतानाची ती तीन सुरांची धून वाजली आणि कीर्तन सुरू झालं. बाहेर दिवस मावळत होता. माय दचकली नाही. पदराला हात पुसत ती बाजेपाशी खाली येऊन बसली. बराच वेळ कीर्तन ऐकलं आणि मग अगदी हळू, पाण्याला जाऊ का असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "येऊ का?"

टीव्ही बंद झाला. खोली अंधारली. मग परत लागला.

"बरं," असं म्हणून माय भाकरी टाकायला उठली.

"कुणाला म्हणालीस?"

"कुनाला न्हाई. हात धू."

३

दुसऱ्या दिवशी मी हट्टालाच पेटलो. बारा गावच्या टीव्ह्यांचे रोग फोनवर ओळखणाऱ्याला घरचा टीव्ही ऐकत नाही म्हणजे काय! इंटरनेट तोडलं. वेळ लावलेली नव्हती. टीव्हीच्या खाली एक बारीक बटण असतं, ते अडकलेलं नव्हतं, दाबलं की नीट बंद-चालू होत होतं. वायर बदलली. मायचा फोन बंद करून ट्रंकेत टाकला. शेजारची बंद घरं एकेक करून फिरलो, कुठं आत कुणी राहतंय का बघायला. काट्याच्या फांद्या तशाच होत्या आणि त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी विणली होती.

मग एकच गोष्ट उरली. टीव्हीच्या खालच्या कडेला एक काळा डोळा असतो, रिमोटचा उजेड पकडणारा. बंद-चालू होण्याचा हुकूम तिथूनच येत होता. म्हणजे कुणीतरी दाबत होतं.

मुक्ताबाई गल्लीत शेळ्या बांधत होती. त्यातली चंदी आमची होती, कानावर पांढरा ठिपका असलेली.

"काकू, आमची शेळी तुमच्याकडं कशी?"

"तुज्या मायनं दिली. दोनी बी दिल्या. म्हनली, माजं आता जायाचं हाय, तूच संबाळ." मुक्ताबाईने दोर ओढून गाठ मारली. ही बाई माझ्या आईबापांच्या टोळीत सारखी असायची, मायच्या वयाची. "लई जायाचं जायाचं करती रे ती. तुजे दादा टीव्हीतून बोलत्यात म्हन्ती. रोज इचारती त्येस्नी—"

"पुरे, काकू," मी म्हणालो.

मी चिडलो होतो. म्हातारी बाई आपली मैत्रीण भ्रमिष्ट होताना बघते आणि शेळ्या बांधून घेते, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. तिचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. ते पुरं ऐकायला मी थांबलो नाही. आजही त्या गल्लीतून जाताना पाय तिथेच अडखळतात.

४

त्या संध्याकाळी मी टीव्हीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलो. सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघायचं तर बाजेकडे पाठ करणं भाग होतं. फोन तोंडासमोर धरला. फोनमध्ये माझा गाल, कान आणि खांद्यावरून मागे बाज, उशी, भिंतीवरचा डाग. मी असं काहीतरी करतोय याची मला लाज वाटत होती. कंपनीतल्या कुणी बघितलं असतं तर आठवडाभर चेष्टा केली असती.

दिवस मावळला. माझ्या खांद्यामागे, फोनमध्ये, एक जांभळा ठिपका चमकला. त्याच क्षणी टीव्हीची धून वाजली.

मी वळून पाहिलं. बाज रिकामी होती. परत फोनमध्ये पाहिलं. रिकामीच.

मेला रिमोट माझ्या खिशात होता आणि त्यातल्या बॅटऱ्याही मी काढून ठेवल्या होत्या. मी तो चाचपून पाहिला.

माय आली, खाली बसली. पदर नीट केला. "येऊ का?" ती म्हणाली.

ठिपका चमकला. टीव्ही बंद. खोली काळोखी, आणि फोनमध्ये पुन्हा ठिपका. टीव्ही चालू. दुसऱ्या वेळी अंधारात तो ठिपका जरा मोठा वाटला आणि त्याच्या उजेडात मला त्याच्या मागचं दिसलं. मांडी घातलेल्या माणसाच्या हाताइतक्या उंचीवर एक अंगठा होता. त्याला नख नव्हतं. दादांचं नख मी लहान असताना कोयत्याने गेलं होतं आणि परत आलं नव्हतं.

माझ्या मागे बाजेची सुतळी करकरली. कुणी बसल्यावर करकरते तशी नाही; कुणी जरा पुढे झुकल्यावर करकरते तशी. मी वळलो नाही. वळण्याची हिंमत झाली नाही.

"बरं," माय म्हणाली आणि उठली.

मी ठिपके मोजले होते. दोन. आणि दोनचा अर्थ मला माहीत होता. हॉस्टेलला टाकायच्या आधी मी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचो. दादा पहाटे आधी फडात जायचे, माय कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायची. तोडून झालं की फडाच्या पार दुसऱ्या टोकाहून दादा हातातली बॅटरी दोनदा चमकवायचे. दोनदा म्हणजे ये. माय कंदील वर करून उत्तर द्यायची, भाकरी फडक्यात बांधायची, पदर खोचायची आणि त्या उजेडाच्या दिशेने अंधारात चालत जायची. मी कोपीच्या दारात उभा राहून तिला दिसेनाशी होईपर्यंत बघायचो.

मेलेला बाप माझ्या आईला बोलवत होता. आणि ती रोज विचारत होती, येऊ का.

५

सकाळी मी म्हणालो, "माय, पुण्याला चल. आजच."

"इचारते."

"कुणाला?"

ती हसली, माझ्याकडे बघून, अगदी शहाण्या माणसाचं हसू. "तुला म्हाईत हाय की. काल बगितलं न्हवं तू?"

"ते दादा नाहीत, माय. आणि असले तरी आपला माणूस असं बोलवतो का कधी?"

"येकटे हाइत रे ते," ती म्हणाली. "आणि मी हितं. दोगं बी अर्दा कोयता." मग काहीतरी आणखी सांगायला तिने तोंड उघडलं, पण मी उठून गेलो. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

दुपारी ती मारुतीच्या देवळात गेली तेव्हा मी वायरमनची काळी चिकटपट्टी आणली आणि टीव्हीच्या त्या डोळ्यावर लावली. एकावर एक, उजेडाचा कण आत जाणार नाही इतकी. मग खालचं बटण दाबून टीव्ही चालू केला. मला बरं वाटलं. दुष्टासारखं बरं वाटलं, भांडण जिंकल्यावर वाटतं तसं. माझी आई माझ्याकडे राहणार होती. दादांचा मला राग आला होता, मेल्यावर आला होता, आणि तो मी त्या पट्टीवर अंगठा घासून घासून बसवला.

दिवस मावळला. मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून फोन धरला. माय आली आणि बसली. टीव्ही आधीच चालू आहे हे पाहून तिने माझ्याकडे पाहिलं.

"झाला का रे दुरुस्त?"

"झाला. आता मधेच बंद नाही व्हायचा."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शाना माजा."

मग बाजेकडे बघून ती म्हणाली, "येऊ का?"

फोनमध्ये ठिपका चमकला. परत चमकला. टीव्ही चालूच राहिला. कीर्तनकार बोलत होते, लोक हसत होते. ठिपका पुन्हा दोनदा चमकला. मग थांबून दोनदा. मग मधलं थांबणं गेलं आणि तो सारखा चमकायला लागला, अंगठा आपटावा तसा, आणि बाजेची सुतळी करकर वाजायला लागली. माय ते बघू शकत नव्हती. ती टीव्हीकडे बघत होती, अंधार कधी होतो याची वाट बघत.

मी मनात म्हणालो, दाबा. कितीही दाबा.

"येऊ का?" मायने परत विचारलं. टीव्ही नीट चालू होता.

ती बराच वेळ बसून राहिली. कीर्तन संपून जाहिराती लागल्या. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल होत गेलं आणि मला वाटलं, सुटली बाई एकदाची त्या नादातून.

"बरं मंग," ती म्हणाली.

"उद्या पुण्याला जाऊ?"

"तू जा नीट," माय म्हणाली. "करिष्माला म्हनावं, पोरगी गुनाची हाय."

मला काहीच उमजलं नाही. मी पोटभर जेवलो.

६

उजाडायला भाकरी थापल्याच्या आवाजाने जाग आली. ऊब लागत होती म्हणून पडून राहिलो. चूल, तवा, बांगड्या, सगळं लहानपणीचं. जरा वेळाने आवाज थांबला. मी अजून पडून होतो.

उठलो तेव्हा माय उंबऱ्यापाशी बसली होती, चौकटीला पाठ टेकून, तोंड शेताकडे. डोक्याला फडकं बांधलेलं, पदर खोचलेला, पायात चपला. शेजारी फडक्यात बांधलेल्या भाकरी. कंदील तिने कुठून शोधून काढला होता देव जाणे. तो लावलेला नव्हता, नुसता हाताशी होता.

"माय, कुठं निघालीस?"

मी तिच्या खांद्याला हात लावला. भाकरी तिच्याहून गरम होत्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, त्रास झाला नसेल. मी मान हलवली. फडकं सोडलं तेव्हा भाकरी दोघांना पुरतील इतक्या होत्या.

७

सगळं उरकल्यावर मुक्ताबाई चहा घेऊन आली. माझ्या समोर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "ह्या डावाला कशी सोडली रे त्येंनी तिला? रोज तर थांब म्हनायचे."

"कोण?"

"तुजे दादा. ती रोज इचारायची येऊ का, आन् ते रोज म्हनायचे थांब. मला सांगायची की. हसायची. म्हनायची, जलमभर दोनदा उजेड दाऊन बोलीवलं, आन् आता येकदाच दावत्यात." मुक्ताबाईने बोट वर केलं. "येकदा म्हंजी थांब. ऊस तोडून झाला नसला तर ते येकदाच बॅटरी दावायचे. म्हंजी आजून यिऊ नगं, नीज घटकाभर. मंग ती परत पडायची तुज्यापाशी. तू कोपीत ढाराढूर, तुला कसं म्हाईत?"

खरंच मला माहीत नव्हतं. एकदाच उजेड दिसला की माय परत आडवी व्हायची, आणि ती उठली नाही तर मला जाग येत नसे. मी फक्त दोनदाचे दिवस पाहिले होते.

"पण काकू, दोनदाच होतं. मी मोजलं ना. दोनदा दाबत होते."

"दाबत आसतील. उजेड किती डाव पडायचा? अंदार हुयाचा आन् मंग उजेड. येकदाच न्हवं?"

मी कप खाली ठेवला. एकदा दाबलं की टीव्ही बंद, दुसऱ्यांदा दाबलं की चालू. रोज फोनवर मी हेच लोकांना सांगतो. मी रिमोट मोजत होतो. माय उजेड मोजत होती. त्या संध्याकाळी पट्टीमुळे टीव्ही मिटलाच नाही; थांब आलं नाही म्हणजे निघायला मोकळी, असं तिने धरलं. आणि तो अंगठा जिवाच्या आकांताने थांब, थांब म्हणत होता आणि मी फोनमध्ये बघून म्हणालो होतो, कितीही दाबा.

तिला रिमोट कशाला हवा होता तेही मला तेव्हाच कळलं. कोपीतून ती कंदील वर करायची. तिलाही एकदा दाबून त्यांना बरं म्हणायचं होतं. मी नवा रिमोट आणतो म्हणालो होतो आणि आणला नव्हता.

तेरावा झाल्यावर लोक गेले. आळी पुन्हा काट्यांनी बंद झाली. मी टीव्हीपुढे बसलो आणि नखाने पट्टी सोलून काढली. चिकट राहिलेलं ओल्या फडक्याने पुसलं. खालचं बटण दाबून टीव्ही लावला आणि भिंतीकडे तोंड करून फोन वर धरला. फोनमध्ये माझा गाल, कान आणि खांद्यामागे बाज.

दिवस मावळला. कीर्तन लागलं. मी म्हणालो, "दादा, ती पोचली का?"

माझाच आवाज मला परका वाटला. परत विचारलं. मग "चुकलं माझं," असंही म्हणालो, बऱ्याचदा म्हणालो. सुतळी वाजली नाही. फोनमध्ये बाज, उशी, डाग, एवढंच होतं. थांब म्हणावं असं आता या घरात त्यांचं कुणी राहिलं नव्हतं.

कीर्तन संपलं, जाहिराती लागल्या. टीव्ही एकदाही बंद झाला नाही. अगदी व्यवस्थित चालू होता.